मुक्ता साळवे : छापून आलेला पहिला निबंध

प्रस्तावना

लेख लिहिणे आणि तो छापून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीतले लेखन फार तर आप्तेष्टांपर्यंत पोहोचते. छापील मजकूर अनोळखी वाचकाच्या हाती जातो व लेखकाच्या पश्चातही टिकतो. तथापि ‘आपले शिक्षण थोडे, आपले लेखन कोण छापणार?’ या शंकेने अनेक जण लेखणी हाती घेत नाहीत. १८५५ साली पुण्यातील एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. तिचे शालेय शिक्षण सुमारे तीन वर्षांचे होते. प्रस्तुत पाठात त्या निबंधाचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण :
• मुक्ता साळवे यांच्या निबंधाची पार्श्वभूमी सांगू शकाल;
• त्यातील युक्तिवादाचे स्वरूप स्पष्ट करू शकाल;
• आपला लेख नियतकालिकाकडे पाठविण्याची पद्धत समजून घ्याल.

मूळ पाठ

१. काळ आणि शाळा

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने झाला. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तेव्हाच्या अहमदनगर येथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. या काळात लिहिणारे बहुतेक सर्व पुरुष होते आणि तेही उच्चवर्णीय. अस्पृश्य मानलेल्या जातींना अक्षर ओळखण्याचीही मुभा नव्हती.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांमुलींसाठीही त्यांनी शाळा उघडल्या. मुक्ता ही त्यांची विद्यार्थिनी. लहुजी वस्ताद साळवे यांच्या कुटुंबातील ही मुलगी मांग, म्हणजे आजच्या मातंग समाजातील होती. तिने लिहिलेला ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत, दोन भागांत प्रसिद्ध झाला.

२. निबंधातील विचार

मुक्ताच्या निबंधाचा विषय ऐकीव नाही. ज्या समाजात ती जन्मली, त्याच समाजाचे दुःख ती मांडते. मात्र ती केवळ गाऱ्हाणे गात नाही. ती युक्तिवाद करते. वेद आमचेच, ते इतरांनी पाहू नयेत, असे म्हणणाऱ्यांचेच म्हणणे ती आधारास घेते. वेद आमचे नसतील, तर आम्हांस धर्मग्रंथ नाही. धर्मग्रंथ नाही, तर आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती थेट परमेश्वरालाच विचारते. प्रतिपक्षाचे विधान मान्य करून त्यातूनच त्याला निरुत्तर करण्याची ही रीत आहे.

त्यानंतर ती दाखले देते. इमारतींच्या पायांत माणसे पुरली जात, पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचे शिर उडविले जाई, असे ती लिहिते. बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर छप्पर नसे, हेही ती सांगते. पुरुषांनी लिहिलेल्या तत्कालीन लेखनात हा तपशील सहसा आढळत नाही. इंग्रजी अमलात काही जुलूम थांबले, याचीही ती नोंद घेते. अखेरीस ती आपल्याच समाजबांधवांकडे वळते आणि अज्ञानावर ज्ञान हेच औषध असल्याचे त्यांना सांगते.

३. प्रसिद्धीचे मोल

हा निबंध शाळेच्या वहीतच राहिला असता, तर तो शिक्षकांपुरता उरला असता. छापला गेल्यामुळे तो आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही वाचता येतो. १९९१ मध्ये भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या एका महत्त्वाच्या इंग्रजी संकलनात त्याचा अनुवाद समाविष्ट झाला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झाले. मुक्ताचा निबंध त्याच्या २७ वर्षे आधीचा आहे. मुक्ताची ओळख आज या एकाच निबंधावर उभी आहे. एकदाच छापून आले, पण एका समाजाची साक्ष कायमची नोंदली गेली.

४. आपल्या लेखनासाठी

मुक्ताकडे मोठी विद्वत्ता नव्हती. स्वतः जाणलेला विषय, नेमके दाखले आणि सरळ युक्तिवाद एवढेच तिच्यापाशी होते. प्रथमच लेख पाठविणाऱ्यालाही याच गोष्टी उपयोगी पडतात. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा, त्याचे चार अंक आधी वाचावेत, म्हणजे तेथे कोणते विषय व किती लांबीचे लेख घेतले जातात ते कळते. लेखाची प्रत सुवाच्य असावी, सोबत नाव, पत्ता व संपादकांना छोटेसे पत्र जोडावे. एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. लेख ‘साभार परत’ आला तर खचून जाऊ नये. तो पुन्हा वाचावा, सुधारावा आणि अन्यत्र पाठवावा.

शब्दार्थ

आप्तेष्ट – नातेवाईक व स्नेही
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन
प्रतिपक्ष – विरुद्ध बाजू
साभार परत – संपादकांनी न स्वीकारता आभारपूर्वक परत केलेले लेखन

पाठान्त प्रश्न

१. मुक्ताचा निबंध कोणत्या नियतकालिकात व कधी प्रसिद्ध झाला?
२. ‘ती केवळ गाऱ्हाणे गात नाही, ती युक्तिवाद करते.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. निबंध छापला गेल्यामुळे काय साध्य झाले, ते आपल्या शब्दांत लिहा.

उपक्रम

आपला व्यवसाय, वस्ती किंवा कुटुंब यांतील, इतरांना सहसा ठाऊक नसलेली एक अडचण निवडा. तिच्याविषयी दोन नेमके दाखले देऊन सुमारे १५० शब्दांत परिच्छेद लिहा व अभ्यासकेंद्रातील सहाध्यायांना वाचून दाखवा.