नाक : आकार आणि वाट

आरशासमोर उभे राहून एक सोपा प्रयोग करा. तोंड मिटून नाकाने जोरात श्वास घ्या. नाकपुड्या किंचित आत ओढल्या जातील. आता नाकाशेजारचा गाल बोटाने हलकेच कानाकडे ओढून पुन्हा श्वास घ्या. हवा अधिक सहज आत जाते. असे का?

श्वास घेताना नाकातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणून हवा आत येते. पण दाबातील हाच फरक नाकाच्या भिंतींनाही आत ढकलतो. नाकपुडीच्या थोडे आत, मधला पडदा आणि बाजूची भिंत यांमधली फट ही वाटेतील सर्वांत अरुंद जागा. तेथे हवेचा वेग वाढतो व दाब आणखी उतरतो. फट मिटू न देण्याचे काम कूर्चा करते. कानाचा वरचा भाग दाबून पाहा. हाताला लागणारा लवचीक भाग म्हणजे कूर्चाच.

फट जराशी अरुंद झाली तर काय बिघडते? गोल, सरळ नळीतून संथ वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या एक दशांशाने घटली, तर त्याच दाबाला प्रवाह ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.६६ पट उरतो. एक तृतीयांश प्रवाह गेला! नाक ही सरळ नळी नव्हे, त्यात हवा भोवरे घेते. म्हणून हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. पण नाक सुबक करताना श्वासाची वाट किती सहज हरवेल, हे त्यातून कळते.

आमच्या पनवेलहून बोरघाट चढून गेले की पुणे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. मेणाच्या पत्र्याने माप घेऊन कपाळाची कातडी सोडवली. रक्तपुरवठ्यासाठी भुवयांमधली चिंचोळी पट्टी तशीच ठेवून ती खाली वळवली. सांधा कातात भिजवलेल्या कापडाने धरला. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ही हकीकत छापली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तेथे तशीच शस्त्रक्रिया केली. सुश्रुतसंहितेतही नव्या नाकात दोन नळ्या बसवण्यास सांगितले आहे.

आजचे शल्यविशारद मधल्या पडद्याची कूर्चा काढताना वरची व पुढची सुमारे १ सेंटिमीटर रुंदीची कड राखतात. छपराचा वासाच तो. काढलेल्या कूर्चेच्या बारीक पट्ट्या पडदा आणि भिंत यांमध्ये पाचरीसारख्या बसवून फट रुंद ठेवतात. ही रीत जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडली.

गाल ओढून तुम्ही क्षणभर केलेत, तेच काम या पट्ट्या कायम करतात. नाक पाहणारे त्याचा आकार पाहतात. ज्याचे नाक आहे, त्याला मात्र त्यातून श्वास घ्यायचा असतो.