काळी पडलेली बिलं

ढाणकीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, अर्ध्या गावाचे कागद माझ्या काचेवरून गेलेत. म्हणून २०२२च्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या मोटारसायकलला पिकअपनं उडवलं तेव्हा घरचे धरूनच चालले, की कागदांसाठी तरी काही अडायचं नाही. मीही धरून चाललो.

पहिलं नुकसान मी माझ्याच हातानं केलं. नांदेडला ऑपरेशन झालं, मांडीत रॉड आणि घोट्यात स्क्रू बसले. औषधांची बिलं जपून राहावीत म्हणून दुकानात आणून ती लॅमिनेट करायला घेतली. मेडिकलची बरीच बिलं शाईनं छापत नाहीत, कागदावर उष्णतेनं अक्षर उमटवतात. मशीनमधून पहिलं बिल बाहेर आलं ते तव्याच्या बुडासारखं काळं. ते बघेपर्यंत दुसरं आत गेलेलं. दहा वर्षं हे मशीन चालवतोय, कळायला हवं होतं. उरलेली बिलं आणि एक्स-रे लोखंडी पेटीत घालून पत्र्याच्या खोलीत ठेवले. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. एक्स-रेच्या फिल्म त्याच जातीच्या निघाल्या. दोन उन्हाळ्यांनंतर त्यांच्यात हाड कुठं आणि अंधार कुठं, काही उमगेना.

म्हणून बिल हातात पडलं त्याच दिवशी साध्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा. एक्स-रे आणि सीटी स्कॅनची सीडी मागून घ्या. मूळ कागदाला प्लास्टिक लावू नका, पंचिंग करू नका. कोर्टात त्याच्यावर निशाणी क्रमांक पडायचा असतो.

दुसरी चूक माझी नव्हती, पण भोवली आम्हालाच. उमरखेडला पहिली मलमपट्टी झाली तेव्हा सोबतच्या शेजाऱ्यानं घाबरून सांगितलं, “गाडीवरून पडला.” केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं, पिकअपचं नाव नाही. पिकअपच्या विमा कंपनीच्या वकिलानं पुढे ते वाक्य तीनदा वाचून दाखवलं. पंचनामा आणि बिटरगाव ठाण्यातली फिर्याद नीट होती म्हणून निभावलं. जखमी माणूस आत गेला की बाहेर कोण काय लिहून देतंय, तिकडे घरच्या एकाचे तरी कान हवेत. नुकसानभरपाईच्या अर्जालाही वेळ लावू नका. १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

खरी गोची झाली पुसदला, मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे डॉक्टरांची साक्ष होती त्या दिवशी. ऑपरेशन करणारे सर्जन दुसऱ्या शहरात गेलेले. त्यामुळे पाय नंतर तपासून ज्यांनी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला दिला, ते हाडांचे डॉक्टर साक्षीला आले. माणूस सरळ. उलटतपास दहा मिनिटांत आटोपला. ऑपरेशन तुम्ही केलं? नाही. पहिल्या दिवसाचा एक्स-रे पाहिला? नाही. चाळीस टक्के पायाचे, की सगळ्या शरीराचे? पायाचे. अर्जदार काय काम करतो?

डॉक्टर थांबले. “मजुरी असावी.”

भाऊ गवंडी आहे. पंधरा वर्षं. ते डॉक्टरांना आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, टक्का म्हणजे टक्का, तो पैशात जशाच्या तसा उतरतो. तसं नसतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१०च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे फोडून सांगितलंय: अवयवाचं अपंगत्व वेगळं आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली ते वेगळं. पहिलं डॉक्टर सांगतो. दुसरं न्यायाधिकरण ठरवतं, जखमी माणसाचं वय आणि काम बघून. पाय आखडलेला कारकून खुर्चीत बसून नोकरी करेल, गवंडी परांचीवर चढणार कसा?

एकेक टक्का केवढ्याला पडतो ते मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर काढलं. भाऊ अपघाताच्या वेळी चौतीसचा, महिन्याची कमाई १५,००० धरली. वर्षाचे १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सुप्रीम कोर्टाच्याच प्रणय सेठी निकालाप्रमाणे त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के, झाले २,५२,०००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात या वयाला गुणक १६. म्हणजे ४०,३२,०००. त्यातला एक टक्का ४०,३२०. विमा कंपनी म्हणत होती, पायाचे चाळीस म्हणजे शरीराचे तेरा. ‘साठ टक्क्यांचा दाखला आणून देतो’ म्हणणारा एजंटही मला भेटला होता. त्याच्या नादी लागलो नाही, कारण असला दाखला उलटतपासात फुटला की खरे चाळीसही जातात.

वकीलसाहेबांनी डॉक्टरांना पुन्हा बोलावण्याचा अर्ज केला. त्यात अकरा महिने गेले. मधल्या काळात मी नांदेडच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन पूर्ण इनडोअर पेपर काढले: ऑपरेशनची नोंद, नर्सचे रोजचे तक्ते, सगळं. डिस्चार्ज कार्डावर यातलं निम्मंही नसतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. पण त्या जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं, आणि दावे त्याहून जास्त चालतात. हे कागद तारखेनं लावले. वर एक पान माझ्या हातचं: रोज किती वेळा उकिडवं बसावं लागतं, सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं कोण उचलतं, घमेलं घेऊन शिडी कशी चढतात. फाइल डॉक्टरांना साक्षीच्या पंधरा दिवस आधी नेऊन दिली, पाय पुन्हा तपासून घेतला. या वेळी ‘काय काम करतो’ या प्रश्नाला त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. निकालात कमाईचं नुकसान पंचवीस टक्के धरलं गेलं.

पण डॉक्टर सांगतात म्हणून कुणी गवंडी ठरत नाही, त्याला वेगळा कागद लागतो. तो निकालाआधीच शोधावा लागला. ज्या ठेकेदाराकडे भाऊ राबला, तो दाखल्यावर सही करायला तयार होईना. हजेरीची वही हरवली म्हणाला. पावत्या नाहीत, खात्यात पगार नाही. शेवटी एका रात्री दुकानातल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाचा फॉर्म शोधताना भावाचं नाव दिसलं. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, सोबत वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, कामाच्या रकान्यात ‘गवंडी’, आणि तारीख अपघाताच्या आधीची. फॉर्म मीच भरलेला होता. भावाकडून पन्नास रुपयेही घेतले होते.