सामाईक पाणी आणि स्वहित

झाशीच्या परिसरात जमिनीखाली कठीण ग्रॅनाइट खडक पसरलेला आहे. पाणी साठते ते प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरात व खडकाच्या भेगांत. एका शेतकऱ्याने विहीर खोल केली की शेजारच्या विहिरीचे पाणी आटू शकते. मग शेजारीही आपली विहीर खोल करतो. यात कोणी दुष्ट नसतो. आपण राखलेले पाणी दुसरा उपसून नेईल, या भीतीपोटी प्रत्येक जण उपसा वाढवितो.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाच्या दाखल्याने हीच कोंडी मांडली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली दाखवून दिले की, ती अटळ नाही. वापरणारे लोक स्वतः नियम ठरवून व परस्परांवर देखरेख ठेवून तीतून वाट काढू शकतात.

राज्यांनाही हे टळत नाही. बेतवा नदी मध्य प्रदेशात उगम पावून उत्तर प्रदेशात यमुनेस मिळते. १९७३ मध्ये दोन्ही राज्यांनी राजघाट धरणाचा खर्च व लाभ निम्मानिम्मा वाटून घेण्याचे ठरविले. १९७६ साली संसदेच्या कायद्याने बेतवा नदी मंडळ स्थापन झाले; त्याचे मुख्य कार्यालय झाशीस होते.

धरणातील पाणी मोजून वाटता येते. भूगर्भातील पाणी मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तेथे नियमांची गरज अधिकच असते. शेतकऱ्याकडून संयमाची अपेक्षा करावयाची, तर तोच नियम शेजाऱ्यासही बांधून ठेवील, ही खात्री त्याला आधी मिळाली पाहिजे.