नववीच्या वर्गात जाण्याआधी

मनू, २६ जूनला नववीच्या पोरांशी अमली पदार्थांवर बोलायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, आणि तू म्हणे किडलेल्या दातांचे, खंगलेल्या चेहऱ्यांचे फोटो गोळा करून ठेवलेस. ते राहू दे बाई. अमेरिकेत मोंटाना राज्यात २००५ पासून मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन, या अमली पदार्थाविरोधात असल्याच अंगावर येणाऱ्या जाहिराती सुरू झाल्या. गवगवा खूप झाला. पुढे कुणी आकडे नीट तपासले, तर मेथचं प्रमाण आधीपासूनच उतरत होतं. जाहिरातींमुळे म्हणून वेगळा फरक काही सापडेना. मला त्याचं नवल नाही वाटत. फोटोतला तो माणूस चौदा वर्षांच्या पोराला परकाच वाटणार. पुडी पुढे करणारा मात्र ओळखीतला असतो, नीटनेटका, दातही धड असलेला.

शिवाय तो 'नशा कर' असं थोडंच म्हणतो? 'रात्रभर अभ्यास होईल', 'पोट कमी होईल', 'टेन्शन जाईल' असं म्हणतो. आणि खरं सांगू, पहिल्या वेळी यातलं बरंचसं घडतं. झोप उडते, भूक मरते, आपण कुणीतरी भारी आहोत असं वाटतं. हे तू वर्गात लपवलंस तर ज्याला ठाऊक आहे तो गालात हसेल, आणि तिथून पुढचं तुझं सगळं फुकट.

म्हणून ते कसं घडतं तेच सांग. आवडती गोष्ट मिळाली की मेंदूत डोपामिन स्रवतं. मेथ त्याचा साठा एकदम उपसून काढते. पगार एका रात्रीत उडवल्यासारखं. मग उरलेला महिना काय? मरगळ, चिडचिड, कशातच गोडी नाही, आणि ते घालवायला पुन्हा तीच पुडी. झोपेविना दिवस गेले की कुणीतरी पाठलाग करतंय असे भास होतात. छाती धडधडते, अंग तापतं, कधी हे जिवावर बेततं. पण दीर्घकाळ दूर राहिलं की मेंदू बराचसा सावरतो, हेही सांग. एखाद्या पोराचा मोठा भाऊ त्यात अडकलेला असेल. त्याच्यासमोर 'गेला तो गेला' असं बोलू नकोस.

आपल्याकडे पोरांच्या कानावर मेथपेक्षा 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन, हे नाव जास्त असेल. रसायन वेगळं, जात तीच, मेंदूला पळवणारी. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं. तेव्हा 'हे मुंबईच्या पार्ट्यांमधलं' असं कुणी म्हणालं, तर दौंड तालुका नकाशावर दाखव.

तासातला अर्धा वेळ मात्र त्यांच्या तोंडून बोलून घे. मित्राने आग्रह केला तर काय म्हणशील? 'उद्या मॅच आहे', 'पप्पा न्यायला आलेत', काहीही चालेल; फक्त ते प्रत्येकाने मोठ्याने म्हणून बघायला हवं. हसतील, हसू दे. आणि कुणी घेऊन बेभान झाला, तर त्याला एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, तीही फळ्यावर लिही. पुण्यात मुक्तांगण ही संस्था १९८६ पासून हेच काम करतंय, हेही त्यांना माहीत असू दे.

आता तुझ्या-माझ्यातलं. तास संपल्यावर एखादं पोर मागे रेंगाळेल. तू लगेच पालकांना फोन लावलास, तर त्यानंतर कुणीच रेंगाळणार नाही. पण 'कुणालाच सांगणार नाही' असं वचनही देऊन बसू नकोस, ते तुला पाळता यायचं नाही. 'कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू' इतकंच म्हण. आणि त्याआधी, याच आठवड्यात, मुख्याध्यापकांना गाठ. कुणी पुढे आलंच तर शाळा त्याला दाखला हातात देणार की समुपदेशकाकडे नेणार, हे त्यांच्याकडून स्पष्ट करून घे. उत्तर गुळमुळीत आलं तर मला फोन कर, मग वर्गात काय बोलायचं ते वेगळं ठरवावं लागेल.