न मोजलेले रुग्ण कसे मोजतात?

भोसरीच्या एखाद्या कारखान्यातील कामगार डोळ्यांसमोर आणा. त्याला ताप आहे, खोकला आहे. पण खाडा झाला की मजुरी बुडते. तो दुकानातून गोळी घेतो आणि पाळीला हजर होतो. दवाखान्याच्या नोंदवहीत त्याचे नाव येत नाही. दुसऱ्या कोणाला संसर्ग होतो, पण साधी शिंकही येत नाही. मग रोग किती पसरला, हे कळावे कसे?

याचे उत्तर रक्तात सापडते. विषाणूचा संसर्ग झाला की शरीरात बहुधा प्रतिपिंडे तयार होतात. ती काही महिने टिकतात आणि होऊन गेलेल्या संसर्गाची साक्ष देतात. ऑक्टोबर 2020 मध्ये, कोविडची लस येण्यापूर्वी, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका व डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय यांनी सुमारे 5,000 नागरिकांचे रक्त तपासले. सुमारे 34 टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली.

आता हिशेब करा. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 17 लाख 27 हजार होती. तिचे 34 टक्के म्हणजे जवळजवळ 5 लाख 87 हजार. हा हिशेब ढोबळ आहे. पण तोवर नोंदलेले रुग्ण एक लाखाहूनही कमी होते!

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे. मात्र भात वर कच्चा आणि तळाशी करपलेला असेल, तर एकाच जागचे शीत फसवते. शहरही तसेच असते. या पाहणीत झोपडपट्टीतील प्रमाण गृहसंस्थांपेक्षा जास्त निघाले. केवळ चाकणच्या कारखान्यांच्या फाटकापाशी रक्त घेतले, तर घरातील वृद्ध सुटतील. केवळ रुग्णालयात घेतले, तर धडधाकट माणसे सुटतील. म्हणून सर्व प्रकारच्या वस्त्यांतून माणसे निवडावी लागतात.

या आकड्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मृत्यूंच्या संख्येला केवळ नोंदलेल्या रुग्णांनी भागले, तर रोग आहे त्याहून अधिक घातक भासतो. उलट, 34 टक्क्यांचा दुसरा अर्थ असा की, सुमारे दोन-तृतीयांश लोकांत संसर्गाची खूण नव्हती. धोका टळला नव्हता. 2021 मध्ये दुसरी लाट आलीच.

करून पाहा : एका डब्यात सारख्या आकाराचे 34 तांबडे व 66 पांढरे मणी घाला. डबा हलवून, डोळे मिटून 10 मणी काढा. तांबडे मोजा, सर्व मणी परत टाका. असे दहा वेळा करा. मग दर वेळी 50 मणी काढून तेच करा. कोणते उत्तर 34 टक्क्यांच्या अधिक जवळ राहते? आता डबा न हलवता, वरवरचेच मणी काढा. काय फरक पडतो?