‘मंग करसू’ला आवर कसा घालायचा?



बैठक संपते. कुणाला वावरात जायची घाई, कुणाचं लेकरू रडतंय. सचिवताई बचतीचे पैसे मोजून घेते, वही पिशवीत टाकते आणि म्हणते, “मंग करसू.” रात्री लिहायला बसावं तर लाइट जाते. सकाळी नळाला पाणी येतं, दुपारी पाहुणे येतात. पुढची बैठक येते, तरी वहीचं पान कोरंच.

हे तुमच्याही गटात घडलंय का? मग आजचा पाठ तुमच्यासाठीच आहे.

एका पानाचं ओझं

जरा हिशोब करू. समजा गटात 12 जणी आहेत. प्रत्येकीच्या तीन नोंदी: बचत, कर्जाचा हप्ता आणि व्याज. म्हणजे एका बैठकीच्या 36 नोंदी झाल्या. त्याच दिवशी बसलं तर अर्ध्या तासाचं काम. चार बैठका राहिल्या की 144 नोंदी होतात. आता वहीकडे बघायचीसुद्धा भीती वाटते. भीती वाटते म्हणून आपण ती आणखी पुढे ढकलतो.

तोवर कोण किती देऊन गेलं हे डोक्यातून निघून जातं. एक जण म्हणते, “मी पाचशे दिले.” दुसरी म्हणते, “नाही दिले.” दोघी खऱ्या असतील, पण वही गप्प. पाचशे रुपयांवरून वर्षांची मैत्री तुटते. बँकही कर्ज देताना आपली पंचसूत्री बघते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि अद्ययावत नोंदी. पहिल्या चार गोष्टी तुम्ही कितीही पाळल्या, तरी पाचवी नसेल तर त्या दाखवणार कशा?

हा आळस नव्हे

पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला आळशी कोण म्हणेल? खरी अडचण वेगळी आहे. आपला दिवस आपल्या हातात नसतो. पाणी, सरपण, सासू-सासरे, शाळेचा डबा, कापसाची वेचणी, वर मोबाइलची टिंगटिंग. आपण वाट बघतो निवांत वेळेची, आणि ती काही येत नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरुणपणीच वैधव्य आलं, घर आणि शेत दोन्ही अंगावर. गाणी रचायला वेगळी सवड त्यांना कुणी दिली? जात्यावर, शेतात, घरकाम करता करता त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ती लिहून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या, आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. लिहून ठेवली म्हणून ती गाणी आज आपल्याजवळ आहेत.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतील. काम रोजच्या कामाला जोडलं तर सवडीची वाट बघावी लागत नाही. आणि लिहिलं तेवढंच उरतं.

पाच साध्या सवयी

1. काम लहान करा. “सगळी वही पूर्ण करते” असं म्हणू नका. “आज फक्त बचतीचा रकाना” असं म्हणा. सुरुवात झाली की अर्धी भीती जाते.

2. न चुकणाऱ्या कामाला जोडा. “उद्या लिहीन” यात वेळ ठरत नाही. “दुपारची भांडी झाली की उंबऱ्याशी बसून वही काढीन” यात वेळही ठरते, जागाही ठरते. भांडी तर रोज होणारच आहेत.

3. घड्याळ लावा. इटलीत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना. त्यानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ घेतलं आणि घंटी वाजेपर्यंत एकच काम करायचं ठरवलं. त्यातूनच 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विसावा ही पद्धत जगभर पसरली. तुम्हाला 25 मिनिटं मिळत नसतील तर 10 घ्या. मोबाइलमध्ये गजर लावा, नेट बंद करा. फोनची घंटी चालू राहू द्या, म्हणजे घरचा निरोप चुकणार नाही.

4. उठावं लागलं तर खूण करा. कुणी हाक मारली तर उठावंच लागतं. उठताना पेन्सिलीनं खूण करा: “इथपर्यंत झालं, पुढं सातव्या ताईचं व्याज.” परत बसल्यावर शोधाशोध होत नाही.

5. सांगून ठेवा. शेजारणीला सांगा, “आज संध्याकाळपर्यंत माझं पान पूर्ण होईल, विचार मला.” तिनं विचारावं, पण रागवू नये. मान खाली घालायला लावलं तर ताई पुढच्या वेळी वही लपवेल.

गटाचा नियम

खरं तर नोंदी बैठकीतच व्हायला हव्यात. एक जण पैसे मोजते, दुसरी लिहिते, तिसरी मोठ्यानं वाचून दाखवते. सगळ्यांची पासबुकं तिथंच भरली जातात. वही वाचून झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, एवढा एकच नियम करा. सगळं ओझं सचिवताईच्या एकटीच्या डोक्यावर ठेवलं की “मंग करसू” होणारच.

हीच युक्ती इतर कामांना लावा. आखाजीच्या आधी पापड-कुरडयांची मागणी आली, तर पिशव्या आणि लेबलं शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. रोज पापड वाळत घातले की दहा पिशव्यांना लेबल लावून ठेवा. आणि सर्वात जास्त पुढे ढकललं जाणारं काम कोणतं? स्वतःची तपासणी. पोराला ताप आला तर आपण लगेच दवाखाना गाठतो, आपली कंबर मात्र वर्षभर दुखत राहते. त्याचीही तारीख ठरवा.

एक लक्षात ठेवा. घरात आजारपण आहे, वावरात पाऊस आलाय, अशा वेळी वही बाजूला ठेवणं चुकीचं नाही. फक्त नवा दिवस ठरवून ठेवा. दिवस ठरला तर ते काम मागे पडलं, ठरलाच नाही तर ते बुडालं.

गटात चर्चेसाठी

1. आपल्या गटाच्या वहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे?
2. लिहिणाऱ्या ताईचं कोणतं काम आपण वाटून घेऊ शकतो?
3. प्रत्येकीनं पुढे ढकललेलं एक काम सांगावं, आणि ते रोजच्या कोणत्या कामानंतर करणार हेही सांगावं.

पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच एकमेकींना विचारा, “झालं का गं?” झालं नसेल तर हसू नका. ते काम अजून लहान करून द्या.