लाकडाला हत्यार लावण्याआधी

गिटारवर दोन प्रकारची कामं होतात. तारा बदलणं, ट्रस रॉड फिरवणं, ब्रिज वरखाली करणं ही कामं पटली नाहीत तर उद्या पूर्ववत करता येतात. फ्रेट घासणं, बॉडी कोरणं, रंग खरवडणं ही कामं एकदा झाली की झाली. आमच्या रायपूरला हार्मोनियम, कीबोर्ड आणि गिटार बऱ्याचदा एकाच टेबलावर उघडले जातात. तिथे पहिल्या प्रकारचं काम करून पाहण्याआधीच दुसऱ्याला हात घातला जातो. आमच्या घरातल्या गिटारने त्याची किंमत मोजली आहे.

ही गिटार माझ्या मोठ्या भावाची. कोलकात्यात बनलेली, काळी, स्ट्रॅटच्या नमुन्याची, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत त्याने ती वर्षानुवर्षं वाजवली. उजवा हात टेकून टेकून वरच्या कडेचा रंग उडालाय आणि आतलं फिकट लाकूड दिसतं. भाऊ नोकरीसाठी बाहेर गेला, गिटार माझ्याकडे आली.

एका उन्हाळ्यात, नवतप्याच्या भर उष्णतेत, तिच्या तारा पाचव्या फ्रेटपासून पुढे खरखरू लागल्या. दुकानातल्या कारागिराने नेकवरून एक नजर फिरवली आणि सांगितलं, ‘‘भैया, फ्रेट घिसने पड़ेंगे.’’ घासले. खरखर गेली. पावसाळा लागला तशी नेक पुढे झुकली, तारा बोर्डापासून उंच गेल्या आणि घासलेल्या फ्रेटवर तार ओढताना बोट लाकडावर घसरू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात नेक आपसूक जागेवर आली. फ्रेटचा गेलेला धातू कुठून येणार?

कारण साधं होतं. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि ज्या खोलीत गिटार ठेवलेली त्याच खोलीत कूलर रात्रभर पाणी उडवत असतो. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. आमची नेक उन्हाळ्यात सरळ होते आणि पावसात झुकते. तुमची उलटही वागेल. म्हणून ऋतू बदलताना आलेल्या खरखरीवर लगेच कानस चालवू देऊ नका. गिटार कूलरच्या झोतापासून लांब, बंद केसमध्ये ठेवा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. काटा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिला तर लाकूड सुखात असतं. कोरड्या दिवसांत नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली, तर आधी हवा सांभाळा. टोकं नंतरही घासता येतात.

तपासायचं कसं? गिटार सुरात लावा. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट अजिबात नसेल तर ट्रस रॉड थोडा सैल करायचा, फार असेल तर आवळायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून, शक्यतो रात्र जाऊ देऊन बघायचं. रॉड फिरत नसेल तर जोर लावू नका. काही जुन्या गिटारींत फिरवता येणारा रॉडच नसतो. नेक जमली की मगच ब्रिजवर तारांची उंची लावा. शेवटी स्वरशुद्धी: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर एकच हवा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर त्या तारेचं सॅडल मागे न्यायचं, उतरा येत असेल तर पुढे. आणि नऊ गेजच्या तारांवरून दहाच्या तारांवर गेलात तर ताण वाढतो, त्यामुळे हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

दुसरा घाव पिकअपचा. गिटार घरघरू लागली, तेव्हा त्याच दुकानात ‘हंबकर टाकू, आवाज बंद’ असं ठरलं. हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. तो रुंद असतो, म्हणून छिन्नीने बॉडीतली खाच वाढवली गेली. जुना पिकअप भंगारात गेला. घरघर तशीच राहिली. पुढे पिकगार्ड उघडला तेव्हा दिसलं, ब्रिजकडे जाणारी अर्थची तार सोल्डरपासून सुटली होती. एका डागाचं काम.

घरघरीची परीक्षा अशी. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत नाही, पण केबलच्या प्लगच्या धातूला लावल्यावर होतो, तर ब्रिजची अर्थ तुटली आहे. गिटार हातात धरून जागेवर फिरलात आणि आवाज कमीजास्त झाला, तर तो सिंगल कॉइलने ओढलेला 50 हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट आहे. ट्यूबलाइट आणि डिमरपासून लांब व्हा. नॉब फिरवताना चरचरलं तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब पुरता मागेपुढे फिरवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. हंबकरच हवा असेल तर सिंगल कॉइलच्याच खाचेत बसणारे मिळतात. त्यांना छिन्नी लागत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: घरघर घालवायला ॲम्पच्या प्लगची तिसरी, अर्थची पिन कापणं. गिटारच्या तारा थेट अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचा हात सतत त्या जोडणीवर असतो. 1972 मध्ये स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावर मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग सदोष होतं. आपल्या मांडवांत जनरेटरवर लाइन येते, साउंडवाला एका पॉइंटवरून आणि ॲम्प दुसऱ्यावरून. गाण्याआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावून बघा. काटा हलला तर वाजवायचं नाही.

तरुण मुलं रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा दाखला देतात, की त्यानेही गिटार कोरली होती. कोरली होती खरी, पण स्वस्तात घेतलेल्या दुय्यम प्रतीच्या सुट्या बॉडीवर, स्वतःच्या हाताने, काय मिळवायचंय ते ठाऊक असताना. प्रयोगाची हौस असेल तर जुन्या बाजारातून एखादी जीव न जडलेली गिटार घ्या आणि खुशाल चिरफाड करा. घरातली वाजती गिटार त्यासाठी नसते.

दुरुस्तीला देताना मोबाइलवर आतल्या वायरिंगचे फोटो काढून ठेवा, तारांची उंची मोजून लिहा, आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून परत मागा. मूळ पिकअप जवळ असला तर कधीही परत बसवता येतो. उडालेला रंग, बोटांनी झिजलेली कड यांना हात लावू नका. त्याने सूर बिघडत नाही. आणि कारागिराला बजावून सांगा: तारा, रॉड, ब्रिज, वायर, सगळं बघून झाल्याशिवाय आणि मला विचारल्याशिवाय लाकडाला आणि फ्रेटला हत्यार लावायचं नाही. तो ‘बघतो’ म्हणाला, तर गिटार उचला आणि घरी या.